कुणी न मागितलेला केक

थंडी पडली की घरी केक, पाव, बिस्किटं भाजणाऱ्यांवरचं आरोपपत्र दरवर्षी नव्याने वाचलं जातं. "हे आपलं नव्हे." "मैदा आणि साखर, दुसरं आहे काय त्यात?" "एवढ्या खटाटोपात बेकरीतून दोन केक आले असते." "महाराष्ट्रात कसली आली आहे थंडी, ओव्हनपाशी बसून ऊब घ्यायला!" आणि सगळ्यांत गोड आवाजात म्हटला जाणारा, म्हणून सगळ्यांत बोचणारा आरोप: "वेळ बरा मिळतो हो तुम्हाला." हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यात माझे नातेवाईक आहेत, पुस्तकं वाचणारे स्नेही आहेत, आणि स्त्रियांच्या कष्टांबद्दल मनापासून कळवळा असलेल्या मैत्रिणीही आहेत. या मैत्रिणींचा आक्षेप बाकीच्यांपेक्षा भारी आहे, म्हणून तो शेवटी घेते. बाकीचे आधी निकालात काढू.

"आपलं नव्हे" हे म्हणणारे गृहस्थ बहुधा एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिथला, मिरची तिथली, बटाटाही तिथलाच. युरोपातली गलबतं तिकडे जाऊन आली नसती तर आपल्या खिचडीत जिरं, तूप आणि मीठ एवढंच उरलं असतं. ती खिचडी देवाला चालते आणि सव्वीस डिसेंबरला मी भाजलेला पाव मात्र संस्कृतीला चालत नाही, हा सोवळ्याचा कुठला प्रकार?

परकेपणाच्या या दाव्याचा निकाल पुण्यात फार पूर्वी लागला आहे. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातल्या मोठमोठ्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज त्याच पुण्यात चहा नको म्हणणारा पाहुणा आजारी समजला जातो. आणि पुण्याहून गावी जाणारा माणूस काय घेऊन जातो? इंग्लंडातल्या एका गावाचं नाव लावलेली, 1955 पासून ईस्ट स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका इराणी बेकरीतली श्रूजबेरी बिस्किटं. इंग्रजी नाव, इराणी हात, आणि वर "पुण्याची खासियत" म्हणून मिरवणारे आपण. त्या बेकरीपुढच्या रांगेत उभं राहताना परकेपणा आठवत नाही. तो आठवतो घरातल्या कुणी ओव्हन लावला की.

खरं तर मुद्दा याच्याही मागे जातो. कोरड्या आचेत, चारी बाजूंनी उष्णता देऊन भाजणं हे आपल्याकडे साहेबाने आणलं, अशी समजूत आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला नैवेद्य कशाचा असतो? वांग्याचं भरीत आणि रोडगा. विदर्भात याच दिवसांत शेतावर रोडग्यांचा बेत होतो. कणकेचे थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचे, वरची राख झटकून फोडायचे आणि वरण-तुपाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. रायगडात थंडीत पोपटी लागते. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात गच्च भरतात, मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब लागत नाही. कोकणातलं काकडीचं धोंडस पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून होतं. खालून आच, वरून आच, मध्ये पदार्थ. आपल्या ओट्यावरच्या ओव्हनमध्ये खाली-वर ज्या दोन कांड्या लाल होतात, त्या दुसरं काय करतात? गोव्यातल्या बेबिंकाची तीच रीत आहे. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा. एक पातळ थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस होईपर्यंत भाजायचा, मग तुपाचा हात, मग पुढचा थर. असे सात तरी थर, हौस असेल तर त्याहून अधिक. नाताळाच्या आधी एक अख्खी दुपार त्यात जाते. आणि गोव्याच्या पावाला पूर्वी फुगवत होती ती माडाची सूर. पोर्तुगिजांनी पाव आणला, पण तो उठला इथल्या माडावर. तेव्हा आपलं काय आणि परकं काय, याचा हिशेब मांडायचाच असेल तर जरा सावकाश मांडावा.

आता थंडी. मुंबईकरांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांच्याकडे पारा अठरावर आला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात आणि दोन दिवसांत परत जातात. त्यांच्या बाजूने मला काही बोलता येणार नाही. पण निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून घड जपतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठतात, नागपूर-गोंदियाकडे पारा दहाच्या खाली उतरतो. पुण्यातही डिसेंबर-जानेवारीची सकाळ हात चोळायला लावते. आणि या गारठ्याचा भाजण्याशी असलेला संबंध केवळ ऊब घेण्याचा नाही. तो कारागिरीचा आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी कधी तूप फेसलेलं नसल्यामुळे त्यांना तो ठाऊक नाही.

नानकटाई घ्या. तिच्यात जिन्नस मोजून तीन-चार: मैदा, पिठीसाखर, तूप, चवीला वेलची किंवा जायफळ, कुणी थोडं बेसन, थोडा रवा घालतं. सगळं यश तुपावर. तूप थिजलेलं हवं, दाणेदार आणि घट्ट. ते परातीत तळहाताने फेसत राहायचं. पिवळं तूप हळूहळू पांढरंशुभ्र, हलकं होतं, कारण त्यात हवा कोंडली जाते. मग साखर, मग मैदा, आणि मैदा घातल्यावर फार मळायचं नाही. मे महिन्यात हे करून पाहा. तूप पातळ, त्यात हवा धरवत नाही, गोळे ताटलीवर ठेवल्या ठेवल्या बसतात आणि भाजताना पसरून एकमेकांना चिकटतात. हिवाळ्यात तूप स्वतःहून थिजतं, गोळ्याचा आकार टिकतो, वर भेगा सुंदर पडतात. मंद आचेवर भाजायची, रंग येऊ द्यायचा नाही. बाहेर काढताना ती मऊ असते आणि गार झाल्यावर खुसखुशीत होते. नवखा माणूस इथेच घाबरतो, "कच्ची राहिली" म्हणून परत आत ढकलतो आणि तिचा दगड करतो.

पावाचंही तसंच. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही म्हणून घरोघरी कुरकुर असते. कुणी भांडं शालीत गुंडाळतं, कुणी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतं. यीस्टही तसंच थंडीत रेंगाळतं. पण पावाच्या बाबतीत हे रेंगाळणं फायद्याचं. उन्हाळ्यात तासाभरात भसकन वर येणारी कणीक फुगते खरी, पण चवीला पोकळ लागते. थंडीत रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेली कणीक हळूहळू आंबते, तिला किंचित आंबूस, धान्याचा असा वास येतो, आणि त्या पावाला लोण्याशिवायही चव असते. रात्री मळून सकाळी भाजायचं हे वेळापत्रक आपल्या हवेत हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांतच निर्धास्त जमतं. पुढे फ्रिजच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

(परदेशातल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. टोरांटोत डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो आणि प्रत्येक शेगडीखाली भलामोठा ओव्हन असतोच. त्या ओव्हनचा पहिला उपयोग कढया आणि तवे ठेवायला होतो. दुसरा चिवड्याचे पोहे भाजायला. केकची पाळी बऱ्याच वर्षांनी येते. तिथे थंडी आहे का, असं निदान कुणी विचारत नाही.)

खर्चाचा मुद्दा मांडणाऱ्यांना मला आधी शाबासकी द्यायची आहे, कारण निदान ते आकड्यांत बोलतात. मग आकडेच घेऊ. घरगुती ओव्हन साधारण बाराशे ते पंधराशे वॉटचा. तापवायला दहा मिनिटं, भाजायला चाळीस. आत ठरलेली उष्णता झाली की कांड्या मधूनमधून बंद होतात. म्हणजे एका केकला फार तर एक युनिट, सव्वा युनिट. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालू राहिला की तेवढीच वीज जाते, आणि थंडीत आंघोळीच्या नावाखाली किती घरांत तो तासभर चालू असतो हे मी विचारत नाही. लोणी, अंडी, बदाम धरले तर घरचा केक बेकरीपेक्षा स्वस्त पडतोच असंही नाही, हे मला मान्य. आणि बेकरीचा चांगला असतो हेही मान्य. वर्षानुवर्षं तापलेल्या विटांच्या भट्टीची आच माझ्या पत्र्याच्या पेटीत येणार नाही. पण बेकरी विरुद्ध घर असा सामनाच मुळात खोटा आहे. आमच्या लहानपणी दिवाळीआधी तूप, साखर, मैदा डब्यांत भरून भट्टीवर न्यायचे, पोरांनी तिथे रांगेत बसायचं, आणि संध्याकाळी गरम बिस्किटांचे पत्र्याचे डबे घेऊन परत यायचं. जिन्नस घरचे, आच बेकरीची. भाजणावळ तेवढी द्यायची. आता त्या भट्ट्याच उठत चालल्या आहेत. मुंबईत 2025 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या बदलायला लावल्या. हवेसाठी ते योग्यच झालं. पण जी आच गल्लीत होती ती आता घरात आली, एवढाच काय तो फरक, आणि त्यावर एवढं काहूर!

मैद्याबद्दल दोनच वाक्यं. दिवाळीत शंकरपाळ्यांच्या परातीपुढे बसून ज्यांनी कधी मैदा आणि साखर यांचा उच्चार केला नाही, त्यांनी तो जानेवारीत करू नये. आणि जे केक करणारे गूळ, नाचणी, खजूर घालून "हा अगदी पौष्टिक आहे हं" असं सांगत फिरतात, त्यांनीही थांबावं. गोड पदार्थ गोड म्हणून खावा, थोडा खावा आणि औषध डॉक्टरकडून घ्यावं.

उरला तो वेळ. "वेळ बरा मिळतो" या वाक्यात खरा राग दडलेला आहे, आणि तो नीट उलगडून पाहिला पाहिजे. घरात दिवसाकाठी पाच-सहा तास स्वयंपाकघरात जातात तेव्हा हे वाक्य कुणी उच्चारत नाही. पोळ्या लाटताना, डबे भरताना, चकलीची भाजणी करताना, गुळाच्या पोळीचं सारण मळताना कुणीही कुणालाही "वेळ बरा मिळतो" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मग केक करतानाच का? कारण पोळ्या मागितलेल्या असतात. डबा मागितलेला असतो. फराळ पंचांगाने मागितलेला असतो. केक कुणीही मागितलेला नसतो.

यात सगळा आनंद आहे आणि सगळा रागही यातच आहे. मराठी घरातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ कुणाच्या तरी देण्याघेण्यात अडकलेला असतो. तो देवाला द्यायचा, पाहुण्याला द्यायचा, जावयाला, गौरींना, शाळेतल्या पोराला द्यायचा. त्याचा ठरलेला दिवस असतो आणि ठरलेली परीक्षाही. चकली नरम झाली की "यंदा जमली नाही" हे वाक्य पुढच्या दिवाळीपर्यंत घरात मुक्कामाला असतं. गुळपोळीतून गूळ बाहेर आला की कुणाच्या तरी आत्याचं नाव निघतं, तिच्या पोळीतून कधी आला नव्हता म्हणून. केकला मात्र सासू नाही. घरातल्या कुणाच्याही आजीच्या हातचा केक यापेक्षा बरा नव्हता, कारण आजीने तो केलाच नव्हता. बिघडला तर चहात बुडवून खाल्ला जातो, जमला तर कौतुक होतं. बिघडला म्हणून कुणाचा मान जात नाही आणि कुठलं व्रत मोडत नाही. (गोव्यातल्या, वसईतल्या ख्रिस्ती मैत्रिणी इथे हसतील. त्यांच्याकडे नाताळच्या फराळाला सासू आहे, आजेसासूही आहे, आणि बेबिंकाचा एक थर कमी पडला तर ती तो मोजते. तेव्हा हे माझं विधान ज्या घरांना ओव्हन नवा आहे त्यांच्यापुरतंच.)

आणि हिवाळाच का, याचं दुसरं कारण इथे येतं. दिवाळी उरकते, तुळशीची लग्नं लागतात, मार्गशीर्षातले गुरुवार होतात आणि मग पौष येतो. पौषाला आपण भाकड महिना म्हणतो. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही. मधली संक्रांत आणि तिच्यानंतरची हळदीकुंकवं सोडली तर पंचांग घराकडे काही मागत नाही. वर्षभर ज्या हातांना दुसऱ्यांच्या मुहूर्तांवर नाचावं लागतं, त्यांना या दिवसांत थोडी मोकळीक मिळते, आणि ते हात या मोकळ्या वेळात पुन्हा परातच जवळ ओढतात. ज्या कामाने वर्षभर दमवलं तेच काम, फक्त हुकमाशिवाय केलेलं. ज्याने कधी मळून, फेसून, लाटून पाहिलंय त्याला कळेल की हाताला काम आवडत असतंच; नावडतो तो तगादा.

हा आनंद फुकट गेलेला बघवत नाही अशी आणखी एक जमात आहे, आणि ती कौतुकाच्या वेषात येते. "इतका छान करतेस, विकायला काढ ना!" ज्या बायका खरोखर विकतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ऑर्डरी, वजनकाटे, नोंदण्या, एकतीस डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता "केकवर नाव चुकलंय" असा येणारा फोन, हे सगळं सांभाळून त्या घर चालवतात. पण ते काम आहे, चोख व्यवसाय आहे, आणि तो त्यांनी निवडला आहे. माझ्या नानकटाईला किंमत लावून दाखवण्याचा आग्रह कशासाठी? एखादे गवई बुवा रोज सकाळी तासभर तानपुरा घेऊन बसतात, त्यांना कुणी "तिकीट लावा" म्हणत नाही. बाईच्या हातून कमाई नसलेला, कर्तव्य नसलेला तास जाऊ लागला की मात्र त्याला पटकन एक कप्पा शोधला जातो: नाहीतर सेवा, नाहीतर धंदा. तिसरा कप्पा घरात नसतोच.

आता मैत्रिणींचा आक्षेप. त्या म्हणतात, बाईची स्वयंपाकघरातून सुटका व्हावी म्हणून शंभर वर्षं भांडलो, आणि तुम्ही तिला आणखी एक उपकरण देऊन परत तिथेच बसवता. वर त्याला "आनंद" म्हणता. गुलामी रुचकर करून दाखवण्याची ही जुनी युक्ती आहे. शिवाय समाजमाध्यमांवरचे ते चकचकीत फोटो पाहून दुसऱ्या बायकांवर नवं ओझं येतं. आता पोळ्याही गोल हव्यात आणि केकही उंच हवा.

या आक्षेपाचा दुसरा भाग मी पूर्ण मान्य करते. ज्या दिवशी मुलाच्या वाढदिवसाला "आईच्या हातचाच केक" अशी अपेक्षा घरात तयार झाली, त्या दिवशी केकलाही सासू मिळाली. तिथून पुढे त्याची गत चकलीसारखीच. फोटोंचंही तेच. पण पहिल्या भागाशी मी सहमत नाही. बाईला स्वयंपाकघरातून सोडवायचं म्हणजे तिथे जे काही सुख होतं तेही तिच्याकडून काढून घ्यायचं, असा अर्थ मी लावणार नाही. पुरुषाने रविवारी मटण केलं तर ती त्याची कला आणि बाईने रविवारी पाव भाजला तर ती तिची गुलामी, हा न्याय तुम्हाला पटतो का? भांडण जागेशी नव्हतं. सक्तीशी होतं. तीच बाई त्याच ओट्यापाशी, पण स्वतःच्या लहरीने, स्वतःला हवं ते करते आणि मनात आलं तर महिनाभर काहीच करत नाही, यात सक्ती कुठे शोधायची?

मात्र एक कसोटी मी स्वतःहून पुढे ठेवते, म्हणजे मैत्रिणींना दारूगोळ्यासाठी फार लांब जावं लागणार नाही. केक भाजून झाल्यावर चिकट परात, तुपकट ताटल्या, पिठाने माखलेला ओटा, तळाशी करपलेला डबा हे कोण घासतं ते पाहा. सगळ्यांनी खाल्लं आणि ज्याने केलं त्यानेच सगळं आवरलं असेल, तर त्या घरात तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आमच्याकडे डबे घासण्याची पाळी मुलाची आहे. तो कुरकुरतो, एक कोपरा नेहमी तसाच ठेवतो, आणि मग त्यावरून वाद होतो.